वाहनांची खतावणी

(पुणे येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपण प्रतिवर्षी येथे जमतो, ते गुरुजी आम्हांला शाळेत अंकगणित शिकवीत, आणि अंकगणितापेक्षाही अधिक गोडीने जमाखर्च शिकवीत. त्यांचे एक सांगणे असे होते की, रोजकीर्द कोणीही लिहील. आज इतके आले, इतके गेले, एवढे टिपून ठेवण्यास विशेष अक्कल लागत नाही. परंतु तीच रक्कम खतावणीत नेऊन कोणाच्या खाती घालावयाची, हे ज्यास उमगले त्यासच हिशेब उमगला. पुढे सरकारी लेखा खात्यात तीस-बत्तीस वर्षे दफ्तरे उपसण्यात गेली, तेव्हा या वाक्याचा प्रत्यय मला पदोपदी येत राहिला. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, त्या वेळी मनात आले की, ज्या प्रश्नावर या शहरातील प्रत्येक घरात एकदा तरी रात्री जेवणे झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन खल झालेला असतो, तो प्रश्न गुरुजींच्या पद्धतीने मांडून पाहावा. तो प्रश्न म्हणजे, स्कूटर बरी की मोटार बरी? इंधन, खर्च आणि जिवाची सुरक्षितता या तिन्ही बाबींत कोणते वाहन कोणास किती पडते, आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या नावे पडते, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंतच्या गंभीर विषयांना सरावलेल्या व्यासपीठावर हा विषय कोणास हलका वाटेल. पण आपल्या देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीनचतुर्थांश वाहने दुचाकी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे बहुसंख्य कुटुंबांचे चालणेफिरणे ज्याच्यावर अवलंबून आहे त्या विषयास हलके म्हणणे कठीण जाते.

स्कूटरच्या कुळकथेचे दोन शब्द आधी सांगतो, कारण तिचे गुण आणि तिचे दोष दोन्ही त्या कुळकथेतच दडलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पियाज्जो या विमाने बांधणाऱ्या कारखान्याची धूळधाण झाली, आणि शांतता प्रस्थापित होताच, दरिद्री व खड्डेमय झालेल्या त्या देशातील लोकांना परवडेल असे वाहन काढावे म्हणून कोराडिनो दास्कानिओ या विमानविद्येतील अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा तयार केली. या गृहस्थास मोटारसायकल मनापासून नावडत असे. तिचे तेल कपड्यांवर उडते, तिच्यावर टांग टाकून चढावे लागते आणि तिचे चाक पंक्चर झाले तर ते काढणे म्हणजे एक यज्ञच, हे त्याचे आक्षेप होते. त्याने यंत्र पत्र्याच्या कवचाआड झाकले, पाय ठेवण्यास सपाट फळी दिली, आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरून ठेवले, जेणेकरून स्टेपनी बदलणे कोणासही साधावे. धोतर नेसलेला कारकून आणि नऊवारी नेसलेली त्याची पत्नी या दोघांचा विचार त्या इटालियन अभियंत्याच्या स्वप्नातही नसेल. तथापि त्या दोघांना ही रचना जणू बेतून शिवल्यासारखी बसली, यात संशय नाही.

आपल्याकडे मुंबईत लँब्रेटा स्कूटरी जुळविल्या जाऊ लागल्या. पाठोपाठ पियाज्जोच्या परवान्याने बजाज ऑटोने स्कूटरी बनविण्यास प्रारंभ केला. तो परवाना संपल्यावर १९७२ साली महाराणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करून 'चेतक' पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती ते पुणे पाहता पाहता स्कूटरींचे शहर झाले. परवाना-परमिटांच्या त्या जमान्यात गाडीसाठी पैसे भरून, पावती तिजोरीत ठेवून, वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. माझी नोंदणी १९७४ सालची. गाडी दारात आली ती १९८२च्या दसऱ्यास. मधल्या काळात माझे लग्न झाले, मुलगा झाला, आणि जी गाडी एका ब्रह्मचाऱ्यासाठी नोंदविली होती तिच्यावर पहिल्याच दिवशी तिघे बसले. पुढे मुलीची भर पडल्यावर मुलगा पुढे फळीवर उभा, मुलगी आईच्या मांडीवर आणि आई एका बाजूस पाय सोडून बसलेली, असा आमचा संसार लक्ष्मी रस्त्याने निघे. त्या चित्राचे त्या वेळी कोणास काही वाटत नसे, कारण रस्त्यावरील प्रत्येक स्कूटरीवर तेच चित्र होते.

आता इंधनाकडे वळू. पेट्रोल हे वाहनातील माणसास वाहून नेते अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते मुख्यत्वे वाहनासच वाहून नेते. स्कूटरचे वजन अदमासे १०७ किलो आणि स्वाराचे ६५ किलो धरले, तर हलविल्या जाणाऱ्या एकूण १७२ किलोंपैकी माणसाचा हिस्सा शेकडा ३८ पडतो. लहान मोटारीचे वजन ८५० किलो धरले आणि तिच्यात एकटा धनी बसला असेल, तर हाच हिस्सा शेकडा ७ उरतो. म्हणजे रुपयातील त्र्याण्णव पैसे पालखीवर खर्च होतात आणि सात पैसे देवावर. शहरातील रहदारीत, जेथे पदोपदी थांबावे लागते आणि थांबल्यावर पुन्हा सारा बोजा शून्यापासून वेगास आणावा लागतो, तेथे वजनाचे हे पारडे निर्णायक ठरते. ब्रेक दाबला की त्या बोज्यास दिलेली सारी गतिज ऊर्जा उष्णता होऊन वाऱ्यावर उडते, आणि सिग्नल हिरवा झाला की पेट्रोलच्या टाकीतून ती नव्याने विकत घ्यावी लागते.

यास्तव, शहरात स्कूटर लिटरमागे ४५ किलोमीटर आणि लहान मोटार १५ किलोमीटर जाते, असा सर्वसाधारण अनुभवाचा आकडा घेतला तर स्कूटर तिपटीने काटकसरी ठरते. रोजकीर्द येथेच संपते. खतावणी येथून सुरू होते. अंतर वाहनास कापावयाचे नसून माणसास कापावयाचे असते, तेव्हा लिटरमागे किती माणसे किती किलोमीटर गेली हे पाहिले पाहिजे. स्कूटरीवर एकटा असेल तर ४५. दोघे बसले आणि गाडी थोडी मंदावून ४०वर आली तर ८०. मोटारीत एकटा असेल तर १५. चौघे बसले आणि गाडी १४वर आली तर ५६. म्हणजे भरलेली मोटार एकट्या स्कूटरस्वारास मागे टाकते! हमरस्त्यावर तर हीच मोटार २० किलोमीटर देते, आणि चौघांच्या हिशेबाने ती दोघांच्या स्कूटरीच्या बरोबरीस येऊन बसते. त्याचे कारण असे की, वेग वाढला म्हणजे वजनाचे महत्त्व मागे पडून वाऱ्याचा विरोध प्रबळ होतो, आणि ताठ बसलेल्या स्वाराचा आकार वाऱ्याच्या दृष्टीने फार बेढब असतो. डिझेलवर लिटरमागे साडेतीन किलोमीटर जाणारी, आणि म्हणून उधळी वाटणारी शहर बस चाळीस उतारू घेऊन निघाली तर तिचा आकडा १४० भरतो आणि दोन्ही खासगी वाहने खाली मान घालतात, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे.

स्कूटरच्या काटकसरीच्या कीर्तीस एक जुना डागही होता. आमच्या काळच्या स्कूटरींचे इंजिन 'टू-स्ट्रोक' असे. पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळून भरावे लागे, आणि त्या इंजिनाच्या घडणीमुळे ताज्या मिश्रणाचा काही अंश जळण्यापूर्वीच धुराड्यावाटे निसटून जाई. सकाळी गाडी आडवी करून, चार किका मारून, ती एकदाची सुरू झाली म्हणजे वाड्याच्या चौकात निळ्या धुराचा जो लोट उठे त्यात माझ्या खिशातील पैसाही होता आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांतील हवाही होती. पहिला माझ्या नावे पडला, दुसरी मात्र माझ्या कोणत्याच वहीत कधी लिहिली गेली नाही. उत्सर्जनाचे निर्बंध २०००, २००५, २०१०, २०१७ आणि २०२० असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, आणि त्या ओघात टू-स्ट्रोकचा अवतार समाप्त झाला. शेजाऱ्यांच्या नावे पडणारी रक्कम कायद्याने मालकाच्या खाती वळती करण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

दुसरी बाब खर्चाची. दिवसास ३० किलोमीटर आणि वर्षास ३०० दिवस, म्हणजे एकूण ९,००० किलोमीटरचा प्रवास गृहीत धरू. पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. स्कूटरला २०० लिटर, म्हणजे २०,००० रुपये लागतील. मोटारीला ६०० लिटर, म्हणजे ६०,००० रुपये. लाखाच्या आसपासची स्कूटर विकत घेऊन दहा वर्षे वापरली तर तिचा घसारा वर्षास आठ हजार, आणि डागडुजी, टायर व विमा मिळून आणखी सहा हजार, एकूण ३४,०००. सहा लाखांची मोटार घेतली तर घसारा व व्याज मिळून ४५,००० आणि इतर खर्च २५,००० धरता एकूण १,३०,०००. हे आकडे माझ्या गृहीतांवर उभे आहेत, ज्याने त्याने आपापले घालून पाहावेत. परंतु प्रमाण फारसे बदलत नाही. स्कूटर किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या घरात पडते आणि मोटार साडेचौदांच्या घरात. मोटारीत चौघे बसले तर माणशी साडेतीन-पावणेचार रुपये, म्हणजे एकट्या स्वाराच्या स्कूटरीइतकाच खर्च येतो. इंधनाच्या हिशेबात जे दिसले तेच येथेही दिसते. महाग पडते ती मोटार नसून मोटारीतील रिकामी आसने होत.

परंतु या कोष्टकात एक रक्कम कोणीच लिहीत नाही, आणि ती म्हणजे जागा. मोटार उभी करण्यास सुमारे बारा चौरस मीटर जमीन लागते, स्कूटरीस दोन पुरतात. आणि दोन्ही वाहने चोवीस तासांपैकी बावीस तास उभीच असतात. सदाशिव पेठेत बारा चौरस मीटरांची खोली भाड्याने घेऊ म्हटले तर काय द्यावे लागेल हे येथे बसलेल्यांस सांगणे नको. तीच जमीन मोटारीस रस्त्याच्या कडेला बहुधा फुकट मिळते. तिचे भाडे फुटपाथ सोडून रस्त्यात उतरणारा पादचारी भरतो, अडकून पडलेल्या बसमधील उतारू भरतो, रुग्णवाहिकेतील रोगी भरतो.

आता तिसऱ्या बाबीकडे, म्हणजे सुरक्षिततेकडे येतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाचे दफ्तर सांगते. त्यांपैकी शेकडा ४४.५ दुचाकीवरील होती. मोटारी व तत्सम हलक्या वाहनांतील शेकडा १२.५. एखादा चतुर वकील येथे असा कोटिक्रम लढवील की, वाहनांत दुचाकींचा हिस्सा शेकडा पंचाहत्तर असता मृत्यूंत तो पंचेचाळीसच आहे, अर्थात दुचाकीच अधिक सुरक्षित! गुरुजींनी अशा विद्यार्थ्याची पाटी पुसायला लावली असती. कारण भाजक चुकला. भाग द्यावयाचा तो गाड्यांच्या संख्येने नव्हे, माणसांनी कापलेल्या अंतराने. जेथे असा हिशेब काळजीपूर्वक ठेवला जातो त्या अमेरिकेत, मैलामागे मृत्यूचे प्रमाण मोटारीतील माणसापेक्षा मोटारसायकलस्वाराचे वीस पटींहून अधिक आढळते. तिकडच्या मोटारसायकली अधिक वेगवान असतात, हे मान्य केले आणि आपल्यासाठी तो आकडा पुष्कळ खाली आणला, तरी दिशा बदलत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. स्वारासह १७२ किलोंची स्कूटर आणि धन्यासह ९१५ किलोंची मोटार ताशी चाळीसच्या वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत गुंतली, तर संवेगाच्या नियमाने मोटारीच्या वेगात अवघा बारा-तेरा किलोमीटरचा बदल होतो आणि स्कूटरच्या वेगात सदुसष्ट किलोमीटरचा. ठोकर एकच, पण तिची वाटणी वजनाच्या व्यस्त प्रमाणात होते. त्यातही मोटारीतील माणसाभोवती चुरगळून आघात गिळणारा पत्रा, पट्टा आणि हवेची पिशवी आहे. स्कूटरवरील माणसाभोवती सदरा आहे. स्कूटरची लहान चाके, जी दास्कानिओने सोयीसाठी दिली, ती आपल्या खड्ड्यांत मोटारसायकलच्या मोठ्या चाकांहून अधिक खोल उतरतात. आणि दोन चाकांवरील तोल असा की, ब्रेक गैरवेळी जोराने दाबला, रस्त्यावर वाळू असली, तर समोर कोणी नसतानाही माणूस पडतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत टिळक रस्त्यावर मीही सपत्नीक पडलो आहे. त्या दिवशी माझे हेल्मेट कोपरात अडकविलेले होते, त्यामुळे कोपर सुखरूप राहिले.

हेल्मेटच्या बाबतीत आम्हां पुणेकरांचा लौकिक सर्वश्रुत आहे. केस गळतात, मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, शहरात वेग असतोच कोठे, असे आक्षेप घेऊन आम्ही सक्तीविरुद्ध सभा घेतल्या, मोर्चे काढले, आणि कायद्यात १९८८ पासून असलेले कलम १२९ दर काही वर्षांनी नव्याने जन्मास आल्याचा देखावा केला. वास्तविक चांगल्या प्रतीच्या हेल्मेटने मृत्यूचा धोका अदमासे शेकडा ४० आणि डोक्याच्या गंभीर दुखापतीचा शेकडा ७० कमी होतो, हे जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांचे सार आहे. २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचे प्राण गेले. त्यांपैकी चौदा हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते, म्हणजे हँडल ज्यांच्या हाती नव्हते असे. चांगल्या हेल्मेटची किंमत मी मघाशी मांडलेल्या हिशेबातील एका महिन्याच्या पेट्रोलइतकी आहे. स्कूटर स्वस्त आहे हे खरे. परंतु त्या स्वस्ताईचा एक हप्ता स्वार आपल्या मस्तकाच्या तारणावर उचलतो, आणि हे तारण रोजकीर्दीत कोठेही दिसत नाही.

मग मोटार सुरक्षित, असे म्हणून सभा बरखास्त करावी काय? येथे पुन्हा गुरुजींचा प्रश्न उभा राहतो : सुरक्षित कोणास? मोटार आतल्या माणसास जे कवच देते तेच बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने घण असते. २०२२ साली सरकारने ठरवून दिलेले तृतीय पक्ष विम्याचे दर पाहा. हा विमा मालकाच्या जिवाचा नव्हे, तर त्याच्या वाहनाने इतरांच्या होणाऱ्या हानीचा आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस वर्षास ७१४ रुपये. १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीस २,०९४ रुपये. त्यावरील, १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस ३,४१६ रुपये. विमेवाले कोणाची निंदा करीत नाहीत की स्तुती करीत नाहीत, ते फक्त भरपाईचे दावे मोजतात. आणि त्यांच्या मोजणीत मोटार ही स्कूटरच्या तिप्पट ते पाचपट रकमेची जोखीम इतरांच्या अंगावर टाकते. मोटार स्वीकारणारा मनुष्य आपला धोका कमी करतो, परंतु त्यातला काही भाग नाहीसा होत नाही. तो रस्त्यावरील इतरांच्या खाती वर्ग होतो.

या दोन्ही वाहनांची तुलना ज्या एका घटनेत मूर्तिमंत झाली तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पावसात एकाच स्कूटरवर निघालेले एक कुटुंब पाहून, या लोकांना सुरक्षित आणि परवडेल असे काही द्यावे, असे रतन टाटांच्या मनात आले, आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात लाख रुपयांची 'नॅनो' मोटार अवतरली. स्कूटर आणि मोटार यांच्यामधील भिंत पाडण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. तिची शोकांतिका सर्वांस ठाऊक आहे. पश्चिम बंगालमधील सिंगूरहून कारखाना गुजरातमधील साणंदला हलवावा लागला. 'सर्वांत स्वस्त' हे बिरुद ग्राहकास भूषण न वाटता लांछन वाटले. आणि २०१४ साली आघातचाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही. तारे मिळाले नाहीत हे मी झाकू इच्छीत नाही. मात्र ज्या स्कूटरची जागा तिला घ्यावयाची होती तिची अशी परीक्षा कोणी घेतच नाही, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. जे वाहन परीक्षेस बसते ते नापास होऊ शकते. जे बसतच नाही त्याचे प्रगतिपुस्तक कोरे राहते, आणि कोऱ्या कागदास आपण निर्दोष समजतो.

या साऱ्या चर्चेत स्कूटरच्या जमेची एक रक्कम मात्र मला रुपयांत मांडता येत नाही. विनागिअरच्या गाड्या आल्या आणि ज्या आमच्या पत्नी व भगिनी मागे आडव्या बसत, पदर चाकात जाऊ नये म्हणून तो मुठीत धरीत, त्यांच्या कन्या पुढे बसू लागल्या. नोकरीस, शिकवणीस, बँकेत, रात्रीच्या नाटकास त्या कोणाची मिनतवारी न करता जाऊ लागल्या. हे स्वातंत्र्य लाखाच्या आतबाहेर मिळाले. मोटारीच्या किमतीत ते मिळावयाचे असते तर आणखी दोन पिढ्या थांबावे लागले असते. म्हणून स्कूटर टाकून द्या, असा निष्कर्ष कोणी या व्याख्यानातून काढू नये. तिच्या किमतीत दोन हेल्मेटे धरा आणि मगच ती स्वस्त म्हणा. मोटार घ्या, पण एकट्यासाठी ती रोज बाहेर काढाल तेव्हा तीन रिकाम्या आसनांचे भाडे कोण भरतो हे स्मरा. आणि वस्तीतून जाताना वेग इतका ठेवा की, चूक झालीच तर ती दुरुस्त करण्याजोगी राहील. गाडी विजेवर चालू लागल्याने पहिल्या दोन कोष्टकांतील आकडे बदलतील, आणि २०२०पासून चेतक हे नाव विजेच्या स्कूटरीने धारण केलेही आहे. परंतु संवेगाचा नियम बदलणार नाही, आणि तिसरे कोष्टक जसेच्या तसे राहील.

शेवटी गुरुजींची एक शिकवण सांगून आपली रजा घेतो. जी रक्कम कोणाच्या नावे टाकावी हे चटकन ठरत नाही ती तूर्त 'उचंत' खाती ठेवण्याचा प्रघात आहे. आणि गुरुजी बजावीत की, उचंत खाते ही धर्मशाळा आहे, तेथे रकमेने रात्रभर राहावे, वस्ती करू नये. वर्ष सरण्यापूर्वी प्रत्येक रकमेस तिचे घर मिळालेच पाहिजे, त्यावाचून वही बंद करता येत नाही. एका वर्षातील ते १,६८,४९१ मृत्यू आपण खड्ड्यांच्या, नशिबाच्या, पावसाच्या नावाने उचंत खाती टाकून मोकळे झालो आहोत. त्यांतील किती स्वाराच्या नावे, किती मोटारवाल्याच्या, किती रस्ता बांधणाऱ्याच्या आणि किती कायदा गुंडाळून ठेवणाऱ्या आपणां सर्वांच्या नावे पडतात, याची खतावणी अजून कोणी घातलेली नाही. वर्षामागून वर्ष सरत आहे, आणि वही उघडीच आहे.